नाडीला हात लावायचा नाही

तणावमुक्तीच्या प्रशिक्षणाला यायचंय, असं साहेबांनी सांगितल्यावर मला आधी तणाव आला. मी ॲम्ब्युलन्सवरची डॉक्टर. सुट्टीच्या दिवशी दवाखान्याच्या हॉलमध्ये बसून श्वास कसा घ्यायचा हे शिकायची माझी अजिबात तयारी नव्हती. गेले ती आमच्या ड्रायव्हरदादांसाठी. चार वर्षं माझ्या कानाशी अखंड बडबडणारा हा माणूस महिनाभर रजेवर होता आणि त्या दिवशी नोकरी सोडायचा अर्ज खिशात घालून आला होता. साहेब म्हणाले, आधी प्रशिक्षण, मग अर्ज. मी कारण विचारलं तर एवढंच, "काय नाय मॅडम, कांद्याचा टेम्पो चालवीन." मला त्यांचा भयंकर राग आला. खरं तर भीती वाटत होती.

शिकवायला आलेल्या समुपदेशक ताईंनी आम्हा ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमनवाल्यांच्या जोड्या लावल्या. एकाने तीन मिनिटं मनातलं बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. उपाय सांगायचा नाही.

अर्ध्या मिनिटात हॉलभर प्रत्येकाचा हात समोरच्याच्या मनगटावर! कोणी हुंदका गिळला की लगेच प्रश्न, "छातीत दुखतंय? डाव्या हाताला कळ येते?" अग्निशमन दलातले एक काका झोप लागत नाही म्हणाले, तर त्यांच्या जोडीदाराने टॉर्च काढून त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या तपासल्या. ताईंनी कपाळाला हात लावला. "नाडीला हात लावायचा नाही! थांबा, मीच घाबरलेला माणूस होऊन दाखवते." आणि खुर्चीत बसून त्या धापा टाकायला लागल्या.

चूक त्यांचीच. सोंग फारच छान वठलं. कोणीतरी "ऑक्सिजन!" असं ओरडलं आणि पुढच्या क्षणी ताई स्ट्रेचरवर होत्या.

"अहो, मी नाटक करतेय!"

"हो हो ताई, बोलू नका, दम लागेल."

मास्क मीच बसवला, कबूल करते. वरात उतारावरून खाली आली तर दारात गाडी तयार, सायरन चालू आणि स्टिअरिंगवर दादा. आमच्याआधी तेच पळत सुटले होते.

ताईंना आत चढवल्यावर त्यांनी मास्क ओढून काढला आणि असं काही सुनावलं की सगळ्यांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. मग जो हशा उसळला! काका तर पायरीवरच बसले. मी हसत हसत पुढे जाऊन दादांच्या शेजारी बसले. तेही हसत होते, महिन्यात पहिल्यांदा. हसता हसता त्यांनी सायरन बंद केला, पण स्टिअरिंगवरचे हात काही सुटेनात.

"मॅडम, ती बाई पाणी मागत व्हती."

कोण, हे विचारावं लागलं नाही. महिन्यापूर्वी पिंपळगावजवळ टेम्पो उलटला होता. द्राक्षं पेट्यांत भरायच्या पॅकहाउसवर कामाला निघालेली बाई, पोटाला मार. ऑपरेशन लागेल म्हणून पाणी देऊ नका, असं मीच सांगितलं होतं.

"मी आरशात बघून बोललो, द्वारका चौक आला की देतो, ताई. चौक आला तव्हा ती नव्हती."

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. नियम, रक्तस्राव, तुमची चूक नाही. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि फक्त ऐकलं. ते बोलत राहिले. तीन मिनिटं कधीच उलटून गेली. शेवटी त्यांनी स्वतःच मनगट पुढे केलं. "घ्या, बघा एकदाची. नायतर तुम्हाला चैन पडायची नाय."

मी नाडी मोजत असताना मागून ताईंचा आवाज आला, "झालं असेल तर माझे पट्टे सोडता का कोणी?"

पट्टे दादांनी सोडले. अर्ज दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ते ड्युटीवर आले ते पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन. एक मला दिली. मी ती उघडली, पण तोंडाला लावली नाही. महिनाभर गाडीत पाणी हातात घेतलं की माझं हे असंच होत होतं आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं. दादांनी ते पाहिलं, गाडी बंद केली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

"बोला मॅडम. नाडीला हात लावणार नाय."