करडईच्या तेलाचे चेंडू

घाण्यावरून करडईचं तेल आणलं की त्या वासासरशी मला सोनपेठच्या मैदानावरची एक जुनी सकाळ आठवते. फुटबॉल शिकवायला मी नवाच लागलो होतो, आणि माझ्याआधी उभा जन्म तिथं शिकवलेले उस्ताद अजूनही रोज सकाळी यायचे. मी सहा नवे सिंथेटिकचे चेंडू आणले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर उस्ताद लिंबाखाली बसून फडक्यानं त्यांना तेल चोळत होते, जुन्या चामड्याच्या चेंडूंना चोळायचे तसंच. माझं डोकं फिरलं. "हे चामडं न्हाई, उस्ताद! सगळे निसरडे करून ठेवले!" मी पोरांदेखत ओरडलो. पोरं हसली. "चमडं कोरडं पडलं की तडकतंय, म्हणून लावलं, सर," ते हळूच म्हणाले, आणि ऊन चढेपर्यंत एकेक चेंडू स्वतःच्या सदऱ्यानं पुसत बसले. त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. वास मात्र मोसमभर राहिला. हेडर मारलेल्या पोरांच्या कपाळांनाही यायचा. आता मीच जुना झालोय. परवा नव्या तरुण सरांनी माझी एक चूक मला त्याच लिंबाकडे बाजूला नेऊन, हळू आवाजात सांगितली. उस्तादांच्या वेळी मला एवढंच जमायला हवं होतं.