खाली बसवलेली गाडी

हॉलंडात फेल्डहोवनला माझ्या मुलाच्या शेजारी एक पुण्याचा इंजिनियर राहतो. बायकोला दिवस गेले तेव्हा त्याने टर्बोवाली जपानी स्टेशन वॅगन घेतली. "आजी, बाबागाडी मागे आरामात मावेल," म्हणाला. मग ऐटीसाठी स्प्रिंगा बदलून ती इतकी खाली बसवली, की मला आत बसायला जवळजवळ लोळावं लागतं. गाडीबद्दल तो नव्या सुनेबद्दल बोलावं तसं बोलतो. "हिला थंडीत लगेच पळवलेलं सोसत नाही."

बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा सोबतीला मी गेले. आधी इंजिन तापेपर्यंत थांबलो. गल्लीच्या टोकाला गतिरोधक आला, तसा तो म्हणाला, "दोघी जरा उतरा ना. वजनाने खाली घासेल."

"अरे, तिला कळा येतायत!"

"दोनच पावलं, आजी."

ती उतरली, मागोमाग मी. समोरून डच शेजारीण येत होती, पुढे पोरांना बसवायची पेटी असलेल्या सायकलवर. त्याच्या बायकोने हात केला आणि सरळ पेटीत जाऊन बसली. शेजारणीने सायकल दवाखान्याकडे वळवलीसुद्धा.

तो गतिरोधकापलीकडे गाडी उभी करून खाली वाकला होता.

"कुठेच घासली नाही, आजी!" तो खुशीत म्हणाला. "बोलवा तिला."