मास्तरच्या गिटारीतली माझी पट्टी

त्या गुरुवारी संध्याकाळी मी मास्तरची नखं घासली. हसू नका. गिटार वाजवणाऱ्याची उजव्या हाताची नखं म्हणजे आम्हा सुतारांची पटाशी, धार बिघडली की काम बिघडलं. त्याचे डोळे अधू झाल्यापासून हे काम माझ्याकडे होतं. कुवेतमधल्या एगैलातल्या त्याच्या खोलीत, खिडकीपाशी, तो हात पुढे करून बसायचा आणि मी बारीकातल्या बारीक पॉलिश पेपरने एकेक नख गुळगुळीत करायचो. "नव्या नवरीचे लाड पुरवतोय मी," मी म्हणालो. "नवरीला इतकं तिखट घालत नाहीत," तो म्हणाला. आधी आम्ही मी केलेलं पापलेटाचं कालवण जेवलो होतो आणि त्याचं नाक अजून गळत होतं. त्याच बैठकीत त्याने मला एकदाचा शब्द दिला, की उद्या सकाळी मी त्याची गिटार उघडावी. तीन वर्षं मी त्याच्या मागे लागलो होतो. शब्द दिला आणि त्याच रात्री गेला. आता सहा आठवडे झाले.

आन्सेल्मो त्याचं नाव. स्पेनचा. तिकडे मोठमोठ्या सभागृहांत वाजवलेला, स्वतःच्या रचना लिहिणारा. बायको वारल्यावर दोन वर्षांसाठी म्हणून इथे शिकवायला आला आणि राहूनच गेला. मी रत्नागिरीकडचा, चौथी पास, कुवेत सिटीतल्या ऑफिसांची कपाटं बसवता बसवता म्हातारा झालेला. मी त्याला मास्तर म्हणायचो. तो मला म्हणायचा नज्जार, म्हणजे अरबीत सुतार. दोघांची इंग्रजी सारखीच मोडकी, त्यामुळे आमची भांडणं फार लांबत नसत.

ओळख झाली ती लाकडामुळेच. नऊ वर्षांपूर्वी इथल्या कोरड्या हवेने त्याच्या गिटारीची वरची फळी तडकली. ती गिटार त्याच्या बापाने घेऊन दिलेली. शर्क भागातल्या एका ऑफिसातला अकाउंटंट त्याच्याकडे शिकत होता, त्याने मास्तरला माझ्याकडे पाठवलं. मी भोकातून हात घालून तड सरसाने जुळवली आणि आतून चांगली बोटभर जाड सागवानी पट्टी चिकटवली. जन्मभर दारं आणि कपाटं केलेला माणूस मी, माझ्या लेखी मजबूत तेच चांगलं. "आता हिच्यावर उभा राहिलास तरी काही होणार नाही," मी त्याला सांगितलं. त्याने तारा लावल्या, एकदा छेडलं, कान लावून पुन्हा छेडलं आणि म्हणाला, "शुक्रन, नज्जार." बस, आभार मानले, इतकंच.

पुढच्या वर्षी माझी बायको हलीमा गेली. मय्यत गावी नेली, दफन केलं, परत आलो. घरात तिचा तवा होता, तिच्या चपला होत्या. मला झोप येईना. चार-पाच दिवस डोळा लागला नव्हता. मास्तर एके दुपारी गिटार घेऊन आला, खुर्चीत बसून वाजवू लागला. अगदी हळू. मी तोंडावर सांगितलं, "मास्तर, झोप येते याने." तो म्हणाला, "मग झोप ना." मी जमिनीवरच आडवा झालो. उठलो तेव्हा अंधारून आलं होतं, तो तिथेच बसला होता आणि कागदावर काहीतरी खरडत होता.

तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडे शिकणाऱ्या एका मलयाळी बाईने मला विचारलं, "अंकल, सरांच्या गिटारचा आवाज कुणी बसवला? आत काय लाकडाचा ओंडका घातलाय?" गिटारीची फळी पातळ असते, ती थरथरली तरच आवाज होतो, हे मला त्या दिवशी कळलं. सहा वर्षं मी त्या माणसाचा गळा दाबून ठेवला होता आणि वर त्याच्या घरी जेवत होतो. मी तडक गेलो. "काढतो ती पट्टी. पातळ लावतो."

"नको. मला ही अशीच आवडते."

"मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलतोस."

"तुझं कालवण तिखट झालं की मी खोटं बोलतो का?"

"नाही. शिव्या देतोस."

"मग?"

तरी माझा विश्वास बसला नाही. दर थंडीत विचारायचो, दर थंडीत तो टाळायचा. यंदा मुलाने मला कायमचं गावी बोलावलंय. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत आलाय. त्या गुरुवारी मी स्पष्ट सांगितलं, "हे ओझं घेऊन मी विमानात बसणार नाही." त्याने घासलेल्या नखांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "बरं, ये सकाळी. आधी चहा, मग तुझी करवत."

सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो, तर बिल्डिंगच्या हारिसने, म्हणजे वॉचमनने, खालीच अडवलं. पहाटे अँब्युलन्स आली होती, हॉस्पिटलात पोहोचायच्या आत संपलं होतं. चावी माझ्याकडे होतीच. वर गेलो. टेबलावर त्याचा फोन वाजत होता. त्याची मुलगी इनेस, तिकडून. तिला हॉस्पिटलातून बातमी कळली होती, घरात कुणीतरी उचलेल म्हणून ती लावत होती. आम्ही दोघंही आधी नुसते रडलो. मग मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं, की तुझ्या बापाची गिटार मी बिघडवली, आज दुरुस्त करणार होतो, आता तरी करू दे.

ती म्हणाली, "काका, हात लावू नका. नऊ वर्षांत बाबांनी लिहिलेलं सगळं त्याच आवाजावर लिहिलंय. मी ते इथे माझ्या गिटारवर वाजवलं की ते फोनवर ओरडायचे, फार मोठं होतंय, फार मोठं. ती गिटार ऐकल्याशिवाय ते कसं वाजवायचं ते कुणाला कळणार नाही." मग तिने विचारलं, "एक रचना आहे, 'सुताराची झोप'. ते सुतार तुम्हीच ना?"

मी म्हणालो, "बहुतेक."

फोन ठेवला. पिशवी उघडलीच नाही. गिटारीच्या पेटीत तो भोकं पाडलेली साबणाची डबी ठेवायचा, तिच्यात ओला स्पंज. एसीत लाकूड सुकू नये म्हणून रोज सकाळी उठल्या उठल्या भिजवायचा. मी बोट लावून पाहिलं, स्पंज कोरडा झाला होता. बेसिनवर जाऊन तो भिजवला, नीट पिळला, डबीत घातला आणि पेटीचं झाकण लावलं.