गणपततात्या आणि त्यांचा घाणेरडा राजा

गणपततात्यांच्या हातचा चहा मी एकदाच घेतला, म्हणजे घेता घेता राहिलो. सिरसाळ्यात त्यांच्या भिंतीला भिंत लावून मी नुकताच राहायला आलो होतो. तात्यांनी बशीत चहा ओतला, अर्धा फुर्रकन ओढला, उरलेला आपल्या बोकडापुढे धरला. बोकडानं बशी चाटून लखलखीत केली. त्याच बशीत माझा चहा ओतत तात्या म्हणाले, "घ्या मास्तर. आपलंच घर हाय." मी ॲसिडिटीचं निमित्त सांगून पळालो, आणि पुढं कित्येक वर्षं ती ॲसिडिटी सांभाळली.

बोकडाचं नाव राजा. त्याचा वास काय वर्णावा! परळीकडून येणारी एसटी गावाच्या शिवेवर आली की झोपलेले प्रवासी उठून पिशव्या गोळा करायचे. कंडक्टरला गावाचं नाव पुकारावं लागत नसे. भरून आलेले ढग आमच्या गल्लीपर्यंत येऊन नाक मुरडून माघारी जायचे, आणि लोक उगाच नशिबाला बोल लावायचे. तात्या आता नाहीत, राजाही नाही, तरी दमट दिवसांत आमची भिंत अजून त्याची आठवण काढते.

माजावर आलं की ते जनावर मान वाकडी करून स्वतःच्याच दाढीवर मुतायचं, आणि तीच ओली दाढी तात्यांच्या गालाला घासायचं. तात्या डोळे मिटून घ्यायचे. लग्नात अत्तर लावतानासुद्धा माणूस इतका सुखावत नाही.

"तात्या, वास येतो हो," मी भिंतीवरून ओरडायचो.

"येनारच की. मुका जीव त्यो. बोलता येत न्हाई म्हून वासानं सांगतो, मी हाय."

अडचण एवढीच होती की राजा हा देवीचा होता. लेकीचं बाळंतपण सुखरूप झालं तर आखाडात लक्ष्मीआईला बोकड देईन, असा नवस तात्यांच्या बायकोनं, गयाकाकूंनी, बोलला होता. नातू आता आजोळी आला की अंगणात सायकल फिरवत होता आणि राजा अजून कडबा चघळत होता. दर आखाडात तात्यांना काहीतरी सुचायचं. एकदा म्हणाले, "त्याला सर्दी झालीया. देवीला शेंबडं बोकड देतेस व्हय?" नंतर म्हणाले, "लई वाळलंय. देवी म्हनंल, हाडं घालता का मला?"

"आवं, ते वाळलंय का तुमी?" काकू करवादायच्या.

शेवटी एका आखाडात काकूंनी कुणाचं ऐकलं नाही. तेलगावहून लेक-जावई आले, भावकी जमली. मसाला वाटून झाला, चुलीवर पातेलं चढलं, सुरीला धार लागली. तात्या खिशात हात घालून खुंटाजवळ बसले होते. प्रेतासारखा चेहरा. राजा त्यांचा कान चाटत होता. मी दुसरीकडे पाहिलं.

आमच्याकडे आधी बोकडाच्या पाठीवर पाणी ओततात. त्यानं अंग झाडलं की देवीनं घेतलं. नाही झाडलं तर देवीची मर्जी नाही, मग त्याच्या मानेला कुणी सुरी लावत नाही, पुढंही कधी नाही.

पुजाऱ्यानं तांब्या ओतला. राजा गप्प. मग कळशी ओतली. मग जावयानं चिडून अख्खी बादली उपडी केली. सगळी गल्ली ओल्या बोकडाच्या वासानं खोकायला लागली, पण राजा दगडाचा झाला होता. पाणी पडलं की नुसता मान वळवून तात्यांच्या खिशाकडं बघायचा.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. कितीतरी दिवस मी सकाळी भिंतीवरून एक किळसवाणा प्रकार पाहत होतो. तात्या राजावर पाणी ओतत, तो अंग झाडू लागला की त्याला छातीशी गच्च आवळत, आणि शांत राहिला की स्वतःच्या दातांनी गुळाचा खडा फोडून त्याला भरवत. मला वाटलं होतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

"देवीला नगं हाय," पुजारी नाकाला उपरणं लावून म्हणाला.

"तिला बी वास आला आसंल," जावई पुटपुटला.

मटणाच्या मसाल्यात वांगी शिजली. काकूंनी तात्यांच्या ताटात भाजी आदळली. "देवीला फसिवलं का मला?"

"तुला," तात्या म्हणाले. "देवीला समदं ठाव हाय."

पाहुणे पांगल्यावर मी भिंतीशी गेलो. राजा तात्यांच्या तोंडाला लागलेला रस्सा चाटत होता. मी नाक धरून विचारलं, "तात्या, एवढ्या घाणीत तुम्हाला मिळतं तरी काय?"

"मास्तर, म्या रानातून घरी आलो ना, की ह्यो उठून उभा ऱ्हातो," तात्या म्हणाले. "तुमच्या घरी कोन उठतं?"

अडाणी माणसाचा अडाणी प्रश्न. मी घरी आलो. बायको मालिका पाहत होती, पोरगा मोबाईलमध्ये मान घालून बसला होता. मी दारात उभा राहून खाकरलो. चप्पल जरा आपटून काढली. पुन्हा खाकरलो.

बायको टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "शी! कसला वास मारतोय तुमच्या अंगाला. आधी न्हाणीत जा."