नीटनेटकी फाईल

मसुदा बारा पानांचा होता आणि माझं डोकं सातव्या पानावरच्या एका वाक्यात अडकलं होतं. ‘डॉक्टरांच्या लेखी आदेशाशिवाय परिचारिकेने कोणतेही औषध देऊ नये, या नियमाला अपवाद असणार नाही.’ आमची नोंदणी करणाऱ्या परिषदेनं नर्सांच्या कामाचे नवे नियम ठरवायला घेतले होते. मसुद्यावर कुणाला काही म्हणायचं असेल तर ऐकून घ्यायला समिती जालन्यात येणार होती, एका नर्सिंग कॉलेजच्या हॉलमध्ये. आमच्या ग्रामीण रुग्णालयातून दोघींना जायचं होतं, इन्चार्ज सिस्टर आणि मी.

नर्स नसलेल्या माणसाला परिषद म्हणजे काय ते सांगावं लागतं. पगार सरकार देतं, पण नर्स म्हणून काम करायची मुभा परिषद देते. तिच्या रजिस्टरात तुमचा नंबर आहे तोवर तुम्ही नर्स. नंबर गेला की माझ्यासारखा बावीस वर्षांचा अनुभव असला तरी सुईला हात लावायचा नाही.

त्या सकाळी जालन्यातल्या आमच्या मस्तगडच्या घरात मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. नवरा जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानात कामाला आहे. दुकानाला निघायच्या घाईत तो चपला शोधत होता.

“तू तिथं जाऊन गप बस,” तो म्हणाला. “तुला बोलल्याबिगर ऱ्हावत न्हाई, मला म्हाईत हाये. पण ती तुझी केस बिलकुल काढू नको.”

“मी कुठं काढून राह्यले?”

“तोंडावर दिसतंय तुझ्या.”

मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं.

ती केस आदल्या वर्षीची. तिशीतली एक बाई न्यूमोनिया म्हणून भरती होती. दुपारचं अँटिबायोटिक मी माझ्या हातानं दिलं. डॉक्टरांनी लिहिलेलं, आदल्या दिवशी टेस्ट डोस दिलेला, सगळं बरोबर. पाच मिनिटांत तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. बीपी लागेना. आमच्याकडे एकच डॉक्टर, आणि ते कुंभार पिंपळगावला तपासणी शिबिराला गेल्ते. फोन तीनदा लावला, तिन्ही वेळा लागला नाही. तिची सासू माझा हात धरून “अवं बाई, काय करा ना जल्दी,” म्हणत होती. इमर्जन्सी ट्रेमध्ये अशा रिअ‍ॅक्शनवरचं इंजेक्शन, अ‍ॅड्रिनलिन, होतं. ते द्यायचं हे मला माहीत होतं, किती द्यायचं आणि कुठं द्यायचं तेही माहीत होतं. फक्त द्या म्हणणारं कुणी नव्हतं. मी दिलं. मांडीत, अर्धा मिली. पाय वर केले, ऑक्सिजन लावला आणि तिच्या नाडीवर बोट ठेवून उभी राहिले. इतकी घाबरले होते की ती नाडी तिची की माझी, ते मला कळत नव्हतं.

बाई वाचली. इंजेक्शननंतर एकदाचा फोन लागला आणि डॉक्टर चाळीस मिनिटांनी पोचले. तरुण, कामाचा माणूस, शिबिरातून धावतपळत आलेला. त्यांनी तिला तपासलं, मला “छान केलंत सिस्टर” म्हणाले आणि फाईल मागितली. मग त्यांनी आम्ही नेहमी करायचो तेच केलं. मी इंजेक्शन दिलं त्याच्या दोन मिनिटं आधीची वेळ टाकून त्यांनी ऑर्डर लिहिली आणि सही केली. खाली मी लिहिलं, ‘डॉक्टर हजर. आदेशानुसार इंजेक्शन दिले.’ माझं अक्षर चांगलं आहे. शाळेपासून सगळे म्हणतात.

यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मला हे इन्चार्ज सिस्टरनं शिकवलं, तिला तिच्या आधीच्या सिस्टरनं. डॉक्टर आपली सही देऊन आपल्याला वाचवतात, आपण त्यांची गैरहजेरी झाकून त्यांना वाचवतो. मी स्वतः किती नव्या मुलींना हे शिकवलं, त्याचा हिशोब नाही.

हॉलमध्ये चाळीसेक नर्सा होत्या. व्यासपीठावर समितीच्या अध्यक्ष मॅडम, साठीच्या, आयुष्यभर वॉर्डात काम केलेल्या. त्यांच्या शेजारी इतिवृत्त लिहिणारा कारकून लॅपटॉप घेऊन बसला होता. मॅडमनी आधी रीत समजावून सांगितली. मसुदा सगळीकडे पाठवायचा, हरकती ऐकायच्या, जे बोललं जाईल ते इतिवृत्तात घ्यायचं, समितीनं त्यावरून पुन्हा मसुदा करायचा, मग परिषद मंजूर करणार. “इतिवृत्तात जे नाही ते समितीपुढे नाही,” त्या म्हणाल्या. मी मनात म्हटलं, बाई शिस्तीची दिसते.

सातवं पान आलं तेव्हा मी हात वर केला. गावाकडं डॉक्टर एकच असतो, तो प्रत्येक वेळी जागेवर नसतो, जीव जात असेल तर नर्सनं काय करायचं, असं गोल गोल बोलले. नवऱ्याचं म्हणणं तेवढ्यापुरतं पाळलं.

मॅडमनी शांतपणे ऐकलं. “सिस्टर, मी अपवादाच्या विरोधात का आहे ते सांगते. अपवाद ठेवला की खाजगी दवाखान्याचे मालक त्याच दारातून आत येतात. डॉक्टर घरी, आणि सगळं नर्सच्या गळ्यात. काही बिघडलं की म्हणायचं, हिनं मनानं दिलं. अशा किती मुली माझ्यासमोर रडल्या आहेत.” हे खोटं नव्हतं. मीही अशा दोघींना ओळखत होते. “आणि आम्ही अंदाजानं लिहिलेलं नाही,” त्या पुढं म्हणाल्या. “ग्रामीण रुग्णालयांकडून तातडीच्या केसेसच्या फायली मागवल्या होत्या. एकाही फाईलमध्ये नर्सला एकटीनं निर्णय घ्यावा लागलेला नाही. प्रत्येक वेळी डॉक्टर हजर होते.”

त्यांनी गठ्ठ्यातून एक फाईल काढली. नाव झाकलेली प्रत होती. “ही बघा. अ‍ॅलर्जीची गंभीर रिअ‍ॅक्शन. डॉक्टर जागेवर, आदेश लेखी, दोन मिनिटांत इंजेक्शन, रुग्ण बरा. काम असं व्हायला हवं. मी ही प्रशिक्षणात दाखवणार आहे.” त्यांनी प्रत उंच धरली.

दुसऱ्या रांगेतूनही माझं अक्षर मला ओळखू आलं. मी इन्चार्ज सिस्टरकडं पाहिलं. ती खाली बघत होती.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला भिंतीपाशी गाठलं. “ती फाईल कुणी पाठवली?”

“मीच,” ती म्हणाली. “सगळ्यात नीटनेटकी व्हती म्हनून. मला काय ठाऊक, ते असं करतेत म्हनून.”

“आता ते आपल्याच कागदावरनं नियम करून राह्यलेत. उद्या डॉक्टर नसला अन् पेशंट मरायला लागला तर हात बांधून उभं ऱ्हायचं आपण.”

“मंग? आपण काय उभं ऱ्हातो का? द्यायचं ते देतोच, लिहायचं ते लिहितो. आजवर कुणाचं काही बिघडलं का? झाकली मूठ सव्वा लाखाची.” मग तिनं माझ्या दंडाला धरलं. “नंबर जाईल तुझा. पोरीचं बारावीचं वर्ष हाये, ध्यानात ठेव.”

माझा नंबर गेला तर काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण सही माझी एकटीची नव्हती. मी हॉलच्या मागं गेले आणि डॉक्टरांना फोन लावला. यावेळी पहिल्या झटक्यात लागला.

त्यांनी सगळं ऐकलं.  मग म्हणाले, “सिस्टर, माझा पुढच्या शिक्षणाचा प्रवेश झालाय. तुम्ही जनरल बोला ना. केस न सांगता.”

“बोलले सर. त्या म्हणतात, एकाही फाईलमध्ये तसं झालेलं नाही.”

“तुम्ही मला विचारताय की सांगताय?”

मी विचारायला फोन केला होता. खरंच. पण तोंडातून आलं, “सांगतेय, सर.”

त्यांनी फोन ठेवला.  हा माणूस माझ्याशी कधी वाकडं वागला नव्हता, आणि मी त्याला त्याच्या गैरहजेरीत खड्ड्यात घालायला निघाले होते. जेवणाचं ताट मी तसंच परत दिलं.

दुपारी मॅडम आठव्या पानावर गेल्या होत्या. मी उभी राहिले. पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

“मॅडम, सकाळची फाईल माझी आहे. त्यातली वेळ खोटी आहे. डॉक्टर हजर नव्हते. ते येईपर्यंत चाळीस मिनिटं मी एकटी होते. इंजेक्शन मी मनानं दिलं आणि आदेश मागाहून लिहिला गेला.”

 मॅडमनी चष्मा काढला. कारकुनाकडं न बघताच त्यांनी हात आडवा केला. “थांबा. हे घेऊ नका.” मग माझ्याकडं बघून, आवाज खाली आणून, “सिस्टर, बसा. तुमचा मुद्दा माझ्या लक्षात आला. मी समितीत माझ्या शब्दांत मांडीन. केसचा उल्लेख नको. तुमच्या रजिस्ट्रेशनचा प्रश्न येईल, त्या डॉक्टरांचाही. मला ते करायचं नाही.”

त्या मनापासून बोलत होत्या. मी बसायलाही लागले. इन्चार्ज सिस्टरनं मागून पदर ओढला. बसले असते तर नंबर वाचला असता, डॉक्टर वाचले असते, आणि मॅडमनी मुद्दा मांडलाही असता कदाचित. पण समितीनं पुरावा मागितला असता तेव्हा त्यांच्याजवळ काय होतं? माझीच ती सुवाच्य फाईल.

मला एकदम संताप आला. मॅडमचा नाही, माझाच.

“मॅडम, तुम्ही आत्ता माझ्यासाठी जे करताय, तेच त्या दिवशी डॉक्टरांनी केलं होतं. आम्ही सगळ्या बावीस वर्षं एकमेकींसाठी हेच करून राह्यलो. म्हणून तुमच्या गठ्ठ्यात डॉक्टर कायम हजर आहेत.” मी कारकुनाकडं वळले. “लिहा.”

 मॅडमनी आडवा हात खाली घेतला. कारकुनानं मान वर न करता विचारलं, “रजिस्ट्रेशन नंबर?” तो नंबर मी हजार फॉर्मवर लिहिलाय, त्या दिवशी मधेच दोन आकडे आठवेनात. पर्समधून कार्ड काढून वाचून दाखवला. चाळीसपैकी एकही उठली नाही. मी त्यांना दोष देत नाही, पण मला एकटं वाटलं.

पुढचे तीन महिने वाईट गेले. नवरा भांडला नाही, नुसता गप्प झाला, आणि ते जास्त लागत होतं. पोस्टमन गल्लीत दिसला की माझ्या हातातलं काम थांबायचं. नोटीस आली, मी लेखी खुलासा दिला, काही लपवलं नाही. शेवटी खोटी नोंद केल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि नंबर राहिला. ताकीद वाचून मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ढसाढसा रडले.

डॉक्टरांनाही त्यांच्या खात्याची नोटीस गेली. त्यांचा प्रवेश टिकला, पण निघताना त्यांनी सगळ्यांशी हात मिळवला आणि मला नुसतं “येतो सिस्टर” म्हणाले, दाराकडं बघत. मी माफी मागणार होते. मागितली नाही, कारण पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करीन हे मला माहीत होतं. इन्चार्ज सिस्टर ड्युटीपुरतं बोलते.

नियम मंजूर होऊन आले तेव्हा सातव्या पानावर ते वाक्य राहिलं, पण त्याखाली चार ओळी वाढल्या होत्या. जीव धोक्यात असेल आणि डॉक्टर जागेवर नसतील, तर प्रशिक्षण घेतलेल्या नर्सनं यादीतल्या औषधाचा पहिला डोस द्यावा, डॉक्टरांना ताबडतोब कळवावं, आणि कोण हजर होतं, कोण नव्हतं, ते खऱ्या वेळेसह लिहावं.

गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्या माणसाला तसंच झालं. तेच ओठ, तीच शिट्टी. नवे डॉक्टर शवविच्छेदनाला गेल्ते. मी इंजेक्शन दिलं, फोन लावला, त्याची नाडी हाताला लागेपर्यंत थांबले. मग फाईल ओढली आणि लिहिलं, डॉक्टर हजर नाहीत. पुढं वेळ लिहायची होती. पेन टेकवलं आणि थांबले. मान वर करून भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. बावीस वर्षांत अशा केसची वेळ लिहिण्याआधी घड्याळ बघायची माझ्यावर ही पहिलीच वेळ आली होती.