तीन ग्रॅमचा पुडा

गल्लीच्या तोंडाशी लॉन्ड्री चालवणाऱ्या काकू तापट आणि सरळ. गिऱ्हाइकाच्या शर्टाची घडी मोडलेली त्यांना खपत नसे. काकांना हार्ट अटॅक आला, डॉक्टरांनी खाण्यातली चरबी कमी ठेवायला सांगितलं आणि काकूंनी पदर खोचला. तूप घरातून हद्दपार झालं, तळणाची कढई माळ्यावर गेली. काका बिचारे ताटाकडे बघून म्हणायचे, "मी आजारी आहे की तुरुंगात?"

त्यांची दया येऊन काकूंनी एकदा वाण्याच्या दुकानातले सगळे पुडे उलटेपालटे केले. एका बिस्किटाच्या पुड्यामागे लिहिलं होतं, फॅट तीन ग्रॅम. डॉक्टरांनी दिवसाला चाळीस ग्रॅमपर्यंत चालेल म्हटलं होतं. तीन म्हणजे किस झाड की पत्ती! तेव्हापासून रोज संध्याकाळी चहाबरोबर अख्खा पुडा काकांपुढे येऊ लागला. काका खुलले. काकूंना वाटलं, आपण गड जिंकला.

दीड वर्षानं दुसरा झटका आला आणि काका गेले.

नणंदेचं आणि काकूंचं पहिल्यापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. भाऊ गेला त्याच आठवड्यात तिनं तोंड सोडलं, "माझ्या भावाला तू काय चारलंस गं?"

काकूंनी फळीवरचा उरलेला पुडा आणून तिच्यासमोर आपटला. "वाच! तीन ग्रॅम! एक दिवस चुकले नाही मी!"

नणंदेच्या कॉलेजातल्या मुलीनं पुडा उचलला. "मामी, हे तीन ग्रॅम दोन बिस्किटांचे आहेत. वर बारीक अक्षरात लिहिलंय बघ. पुड्यात सोळा आहेत. म्हणजे चोवीस, आणि त्यातही निम्मे हृदयाला घातक चरबीचे..."

तेवढ्यानंच माणूस गेला असं कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही.  पण काकू भिंतीला धरून खाली बसल्या. "रोज माझ्या हातानं दिले गं," एवढंच म्हणाल्या.

नणंदेनं लेकीच्या हातून पुडा हिसकावला, डोळ्यांजवळ नेला, सावकाश वाचला.

"काहीतरीच बरळते ही कार्टी," ती लेकीवर डाफरली. "अख्ख्या पुड्याचेच आहेत. वहिनी, तू अगदी बरोबर केलंस."

इतक्या वर्षांत नणंदेनं त्यांना कधी बरोबर म्हटलं नव्हतं. काकूंना काय ते कळलं.