अय्यंगारांच्या ताटात निपाणीची भाकरी

ब्याण्णव साली चामराजपेटेत चघळायला एकच विषय होता: निपाणीची महानंदा. पद्मनाभशी लग्न करून अय्यंगारांच्या घरात आली आणि वर्षाच्या आत तिनं सासूच्या ताटातला भात काढून ज्वारीची भाकरी वाढली!

सासूची साखर वाढलेली, डॉक्टरांनी भात बंद करायला सांगितलेला. पण ते तिला सांगायची छाती पोटच्या मुलालाही नव्हती. पहिली भाकरी सासूनं कावळ्याला घातली. तोही भातखाऊच, शिवला नाही. महानंदानं दुसरी थापली.

साखर उतरली, तशी शेजारीण खडा टाकायला आली, "सून उपाशी ठेवते म्हणे, अक्का?"

"हो ना! बस, तूही राहा स्वल्प उपाशी," सासू म्हणाली. "महानंदा, हिलाही थाप गं. पण आधी मला."

महानंदाची थाप सगळ्या गल्लीला ऐकू गेली.